चांद्याचा परकोट, रविवारची फेरी आणि एका काकूंचा प्रश्न

झरपटकाठ (धागालेखिका) – रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूरची, शाळेत शिकवते. दीड वर्ष झालं, आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी सहाला शहराच्या परकोटावर, म्हणजे जुन्या तटबंदीवर, फेरी काढतो. कुणी बँकेतले, कुणी कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, दोन कॉलेजची मुलं. नावनोंदणी नाही, वर्गणी नाही. येईल तो आपला.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. चंद्रपूर म्हणजे जुनं चांदा, गोंड राजांची राजधानी. आजही जुन्या शहराभोवती सुमारे ११ किलोमीटरची दगडी तटबंदी उभी आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. राजधानी बल्लारपूरहून इथे आणली खांडक्या बल्लाळशाहानं. त्याची गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. शिकारीला गेलेल्या राजाच्या कुत्र्यामागे कपाळावर चांद असलेला ससा लागला. ससा कुत्र्याच्या मागे, हे नवलच! राणी म्हणाली, या मातीत काहीतरी आहे, इथेच शहर वसवा. ससा जिथून जिथून धावला तिथून तट गेला, असं सांगतात. आखणी तेल ठाकूर नावाच्या माणसानं केली. तट पुरा व्हायला मात्र पुढच्या कित्येक पिढ्या लागल्या.

हा तट मधल्या काळात झाडाझुडपांत आणि कचऱ्यात बुडाला होता. वर चढायलाच वाट नव्हती. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी रोज पहाटे श्रमदान सुरू केलं. एकेक बुरुज मोकळा करत गेले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मध्ये त्यांच्या दोनशेहून जास्त दिवसांच्या कामाचा उल्लेख झाला, पण काम त्याच्यासाठी नव्हतं आणि त्याच्यानंतर थांबलंही नाही. आमची फेरी त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेवरून चालते, हे ऋण आधी सांगायलाच हवं.

आता ज्यासाठी धागा काढला ते.

आज फेरीत पंचवीसेक जण होते. एका बुरुजावर मी जंग्या (बंदुकीसाठी ठेवलेली भोकं) आणि चर्या (तटाच्या माथ्यावरचे दगडी दाते) दाखवत होते. खाली तटाला लागूनच घरं आहेत. एक काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. माझं बोलून झालं तशा म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही लोकं येता, फोटो काढता, जाता. ह्या भिंतीपायी माह्या घराचं छत दुरुस्त नाही होऊन राह्यलं. पावसाळ्यात टोपले मांडून बसतो. हिचं कौतुक मी कायले करू?"

मला उत्तर देता आलं नाही. नमस्कार केला आणि पुढे निघाले. दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये. दीड वर्षात शेकडो लोकांना आम्ही परकोट दाखवला, पण त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एकाही माणसाशी बसून बोललो नाही. तुमच्या गावात असं काम करताना शेजारच्या वस्तीला तुम्ही कसं सोबत घेतलंत?

---

बाबुपेठचा_पोरगा – रविवार, रात्री १०:०५

ताई, वाचून घरी गेल्यासारखं वाटलं. मी आता पुण्यात असतो. बारा वर्षं शाळेला जटपुरा गेटमधून गेलो. आमच्यासाठी ते गेट म्हणजे ट्रॅफिक. एवढ्याशा कमानीतून ऑटो, ट्रक, सायकली, सगळं एकदम घुसायचं आणि अडकायचं. त्या कमानीवर हत्तीला दाबून बसलेला सिंह कोरलाय, तो गोंड राजांचा गजशार्दूल, हे मला नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं! गावच्या माणसाला गावाबाहेर जाऊन कळावं, याचं वाईट वाटतं.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. दिवाळीत येतोय, फेरीला नक्की येणार.

---

चुनाभट्टी – सोमवार, सकाळी ७:१५

झरपटकाठ, मी जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून त्या काकूंबद्दल आधी लिहितो.

परकोट केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८चा. २०१०च्या दुरुस्तीनंतर स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही. लोक इथेच थांबतात आणि समजतात की कौलही बदलता येत नाही. तसं नाही. १६ जून १९९२च्या आधीचं घर असेल तर दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करायचा, तो पुढे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. घर जुनं असल्याचा पुरावा लागतो : घरटॅक्सच्या जुन्या पावत्या, घराच्या नोंदीचा नमुना, विजेचं बिल, मिळेल ते. कागद जमवणं आणि अर्ज नीट भरणं हीच खरी अडचण असते. तुमच्यात बँकेतले लोक आहेत ना? ते दोन रविवार वर चढण्याऐवजी खाली बसले तरी मोठं काम होईल.

दुसरं, श्रमदानाबद्दल. नव्या मुलांना हे आधी सांगा. तटावर उगवलेलं पिंपळाचं बोटभर रोप हातानं मुळासकट निघतं, ते जरूर काढा. मनगटाएवढं झालेलं मात्र ओढू नका. त्याची मुळं दगडांच्या सांध्यात शिरून फुगलेली असतात. वरून खोड तोडलं की मुळं खाली आणखी जाड होतात, आणि ओढलं तर चार दगड सोबत येतात. तिथे गवंडी लागतो, पुरातत्त्व खात्याची माणसं लागतात. सांधे उघडे दिसले म्हणून सिमेंटही कुणी थापू नये. जुना चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून धरतं. मग ओल दगडातून वाट काढते आणि वाळूचा दगड पापुद्रे सुटून झडायला लागतो. भलं करायला गेलेल्या माणसानं केलेली नासधूस मी फार ठिकाणी पाहिली आहे.

---

झरपटकाठ – सोमवार, दुपारी २:३०

चुनाभट्टी दादा, हात जोडून आभार. तारखेचं मला माहीतच नव्हतं. त्या काकूंचं घर सासऱ्यांच्या वेळचं आहे असं त्या म्हणत होत्या, म्हणजे १९९२च्या खूप आधीचं. आजच आमच्या बँकवाल्या काकांशी बोलते.

पिंपळाचं वाचून धस्स झालं. मागच्या पावसाळ्यात आम्ही दोन मोठी झाडं वरून छाटली होती. आता त्यांना हात लावणार नाही, खात्याला लेखी कळवतो.

---

रेवातीर – सोमवार, दुपारी ४:१०

वाचतेय. छान धागा.

---

कोया_वाट – सोमवार, रात्री ११:२०

जय सेवा.

मी गोंड आहे. मूळ गाव राजुऱ्याकडे, आता नागपूरला असतो. तुमची पोस्ट तीनदा वाचली. तळमळ खरी आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तुमच्या फेरीत गोंड माणसं किती असतात?

आमच्या पूर्वजांनी बांधलेल्या तटावर उभं राहून कुणीतरी "एकेकाळी इथे गोंड राजे होते" असं सांगतं, तेव्हा आम्ही ऐकणाऱ्यांत असलो तरी नसल्यासारखे होतो. 'होते' कशाला? आम्ही आहोत. जिल्ह्यात आहोत, गडचिरोलीत आहोत, तुमच्या शाळेतही असू. लहानपणी मला वर्गात कुणी कधी म्हटलं नाही की हे तुझ्या लोकांनी उभं केलं. म्हटलं असतं तर मी शेवटच्या बाकावर बसलो नसतो.

आणि इतिहास राजांवर संपत नाही. राणी हिराईनं पती बीरशाहाच्या मागे राज्य सांभाळलं, त्याची समाधी बांधली, महाकालीचं मंदिर बांधलं. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला, तेव्हा किल्लेदार गंगासिंह लढता लढता पडला. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठला. २१ ऑक्टोबर १८५८ला त्याला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली, वय पंचवीस. दर २१ ऑक्टोबरला आमची माणसं लांबलांबून तिथल्या पिंपळाला वंदन करायला येतात. तुमची फेरी त्या दिवशी असते का? नसेल तर असू द्या. आम्ही तर येतोच, तुम्ही आमच्यात या.

दोन महिन्यांपूर्वी माझी आत्या माझ्यासोबत प्रथमच परकोट पाहायला आली. सत्तरीची आहे, गोंडीत बोलते. गजशार्दूलासमोर उभी राहिली, हात जोडले, आणि बराच वेळ हललीच नाही. तिला कुणी माहिती सांगायची गरज नव्हती.

---

झरपटकाठ – मंगळवार, सकाळी ६:००

कोया_वाट, जय सेवा. राग कसला? तुम्ही विचारलंत ते मी स्वतःला कधीच विचारलं नव्हतं. उत्तर आहे : आमच्या सात-आठ जणांत एकही गोंड माणूस नाही. फेरीला येणाऱ्यांत असतील, पण मी कधी विचारलं नाही आणि त्यांना बोलायला जागाही दिली नाही. माझ्या वर्गात मडावी आहे, आत्राम आहे, कुमरे आहे. मी त्यांना परकोट शिकवते, पण 'तुमचा' हा शब्द मी कधी वापरलेला नाही.

तुमच्या आत्यांना फेरीत बोलवू शकते का? त्यांनी गोंडीतच बोलावं. कुणीतरी मराठीत सांगेल. आणि २१ ऑक्टोबरला आम्ही येतो.

---

गोदाकाठी – मंगळवार, सकाळी ९:४५

मी परभणीची. चंद्रपूरशी माझं नातं आजीमुळे. ती दर चैत्रात महाकालीच्या यात्रेला यायची. आमच्याकडून, नांदेडकडून किती माणसं येतात ते तुम्हाला माहीतच आहे. डोक्यावर गाठोडं, गाणी म्हणत. झरपट नदीत अंघोळ, मग देवीचं दर्शन. ती सांगायची, "लई मोठी भिंत हाय गं, भितीच्या भाईर देवी." तिला त्या भिंतीचा इतिहास ठाऊक नव्हता, पण 'अंचलेश्वर' हा शब्द तिच्या तोंडी असायचा.

यात्रेच्या दिवसांत हजारो लोक तुमच्या तटाला वळसा घालून जातात. त्यांना हे मंदिर एका गोंड राणीनं बांधलं हे कुणी सांगेल का? मोठा फलक नको, गर्दीत कोण वाचतं? पाणी वाटणारे स्वयंसेवक असतातच. पाण्याचा ग्लास देता देता दोन वाक्यं बोलली तरी आजीसारख्या कितीजणी ती गोष्ट गावाकडे नेतील.

---

वैदर्भी_ऊन – मंगळवार, दुपारी १२:३०

माझं मत थोडं वेगळं आहे. मी जुन्या शहरातच राहतो. लोक तटाच्या पायथ्याशी कचरा टाकतात म्हणून त्यांना 'वारशाची जाण नाही' असं सहज म्हटलं जातं. आमच्या गल्ल्या एवढ्या अरुंद आहेत की घंटागाडी आत येत नाही. तोंडाशी उभी राहते पाच मिनिटं, बायका डबा घेऊन पोचेपर्यंत निघून जाते. मग डबा कुठे रिकामा करायचा? तटाशी. नाहीतर घरात. मे महिन्यात ४६-४७ अंशांत ओला कचरा घरात ठेवून बघा.

आधी हे सोडवा, इतिहास मग सांगा.

---

झरपटकाठ – मंगळवार, रात्री ८:५०

वैदर्भी_ऊन, तुम्ही कोणत्या बाजूला राहता? बिनबाकडे असाल तर या रविवारी मी येते. घंटागाडी किती वाजता येते, किती वेळ थांबते, आठवडाभर लिहून ठेवू. लिहिलेलं असलं की बोलता येतं.

---

सिद्धेश्वर_पेठ – बुधवार, सकाळी १०:१५

सोलापूरकर आहे. आमच्याकडचं एक सांगतो.

१९३०च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांचा अंमल काही दिवस उरलाच नव्हता. मग लष्करी कायदा आला. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. आमच्याकडे ही चारही नावं एका दमात घेतात. शहराच्या मध्यावर चौघांचे पुतळे एकत्र आहेत. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान, कुणालाही 'हा आपला' म्हणायला जागा आहे. त्यामुळे १२ जानेवारीला कुणाला बोलवावं लागत नाही, प्रत्येक पेठ आपल्या पायानं येते.

तुमच्या तटाला पाच खिडक्या आहेत असं वाचलं. प्रत्येक खिडकी तिच्या शेजारच्या वस्तीकडेच सोपवता येईल का? तिची गोष्ट तिथल्याच माणसानं सांगायची.

---

कोया_वाट – बुधवार, रात्री १०:००

सिद्धेश्वर_पेठ, पटलं.

ताई, आत्याला विचारलं. आधी म्हणाली, मले काय येते सांगाले? मग म्हणाली, सकाळी लवकर असल तं येतो, उन्हाच्या आधी. तिला पायऱ्या जमत नाहीत, दरवाजाशीच बसेल.

---

चुनाभट्टी – गुरुवार, सकाळी ७:३०

दरवाजात देवड्या आहेत ना पहारेकऱ्यांच्या? तिथे बसवा. सावली असते, आवाजही घुमतो.

---

झरपटकाठ – रविवार (तीन आठवड्यांनी), दुपारी १:१५

उशिरा लिहितेय, पण या तीन आठवड्यांत बरंच घडलं. सगळं जमलेलं नाही, तरी सांगते.

काकूंचं आधी. पहिल्या रविवारी फेरी काढलीच नाही. आम्ही चौघं त्यांच्या ओसरीवर बसलो. बँकवाल्या काकांनी लोखंडी पेटीतले कागद एकेक करून लावले. घरटॅक्सच्या पावत्या १९७४पासूनच्या निघाल्या! शेजारच्या तीन घरांनीही आपापल्या पिशव्या आणल्या. चार अर्ज तयार झाले, ते देऊनही आलो. पोच मिळाली आहे, परवानगी अजून नाही. यंदाचा पावसाळा काकूंना टोपल्यांवरच काढावा लागेल बहुतेक. तसं मी त्यांना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कागद तं निघाले पेटीतून."

चहा घेताना त्या आपणहून बोलायला लागल्या. नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा उन्हाळ्यात मुगवड्या आणि कुरड्या तटावरच वाळत घालायच्या. सगळ्या गल्लीच्या बायका वर, पोरं राखणीला. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन बुरुजापर्यंत मिरवणूक काढायची. नंतर झाडी माजली, साप निघायला लागले आणि वर जाणं बंद झालं. मी दीड वर्ष त्या फांजीवर, तटावरच्या चालवाटेवर, उभी राहून लढाईतल्या हालचाली समजावत होते. तिथे कुरड्या वाळायच्या हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

घंटागाडी. सहा दिवस वेळ लिहून ठेवली. तीन दिवस चार मिनिटांपेक्षा कमी थांबली, एक दिवस आलीच नाही. तो कागद घेऊन वैदर्भी_ऊन आणि गल्लीतल्या सहा बायका गेल्या, मी मागे उभी होते. आता गाडी पंधरा मिनिटं थांबते आणि यायच्या आधी भोंगा वाजवते. तटाशी पडणारा कचरा कमी झालाय, बंद नाही.

आणि आज. आज आत्या आल्या.

साडेपाचलाच येऊन अंचलेश्वर दरवाजाच्या देवडीत बसल्या होत्या. माझ्या वर्गातली आत्राम नावाची मुलगी आजीला घेऊन आली होती. आत्या गोंडीत बोलल्या, त्या मुलीनं मराठीत सांगितलं. तिला गोंडी येते हे तिच्या वर्गमैत्रिणींना आज कळलं. आत्यांनी राजांची नावं नाही सांगितली. दगड आणणाऱ्यांचं एक गाणं म्हटलं, त्यांच्या आजीकडून आलेलं. ते किती जुनं आहे, या तटाचंच आहे की दुसऱ्या कशाचं, हे मी ठरवणार नाही. त्यांनी परवानगी दिली म्हणून एका मुलानं रेकॉर्ड केलं. रेकॉर्डिंग त्यांच्याच घरी राहील.

तिथून सगळे काकूंच्या गल्लीत गेलो. बुरुजाची माहिती आज मी दिली नाही, काकूंनी दिली. पदर खोचून वर चढल्या आणि कुरड्यांपासून सुरुवात केली.

---

कोया_वाट – रविवार, दुपारी ३:४०

आत्या घरी आल्यापासून फोन करतेय सगळ्यांना. विचारते, पुढच्या वेळी पाटणबोरीवाली बहीण आली तर चालते का?

---

बाबुपेठचा_पोरगा – रविवार, दुपारी ४:०५

ताई, दिवाळीची वाट बघत नाही. पुढच्या शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. आईलाही आणतो, ती भानापेठेत वाढलेली आहे. सहालाच ना? जटपुरा गेटला यायचं?

---

झरपटकाठ – रविवार, दुपारी ४:२०

कोया_वाट, चालते म्हणजे काय, वाट पाहतो! देवडीत दोघींना पुरेल एवढी जागा आहे.

पोरगा, या या. उन्हामुळे आता साडेपाचला सुरू करतोय. जटपुरा गेटला नाही, अंचलेश्वर दरवाजाशी या. पाण्याची बाटली आणि टोपी आणा. आईला पायऱ्या चढवत नसतील तर काळजी करू नका, काकूंच्या ओसरीवर खुर्ची ठेवली आहे.